हायवेला गार, बाजारात गरम: देवगडच्या एका जुन्या गाडीच्या एसीचं प्रकरण

गाडी २०१० ची, पेट्रोल हॅचबॅक, मालक देवगडजवळच्या एका गावचे निवृत्त गुरुजी. तक्रार त्यांच्याच शब्दात सांगतो, कारण ती त्यांनी इतकी नेमकी सांगितली की अर्धं काम तिथेच झालं. "बाबू, नांदगावपर्यंत एसी बरो चलता, पण जामसंड्याच्या बाजारात अडाकलो काय गरम हवा मारता. आणि गेल्या वर्षापासून गॅस भरून भरून मी कंटाळलंय."

मी कुडाळ-कणकवली पट्ट्यात गाड्यांचं इलेक्ट्रिक आणि एसीचं काम करतो आणि किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्या वर्षभर माझ्याकडे येत असतात. बहुतेकांचा इतिहास हाच असतो, म्हणजे थंड होत नाही, कुठेतरी गॅस भरला, महिना-दोन महिने चाललं, परत तेच. गुरुजींच्या गाडीचं सविस्तर लिहितोय कारण ह्या एका गाडीत एका बारक्या गंजक्या बोल्टपासून सुरू झालेलं दुखणं कंडेन्सर, गॅस आणि कंप्रेसरच्या क्लचपर्यंत कसं पोचलं ते टप्प्याटप्प्याने बघायला मिळालं. दरवेळी नुसता गॅस भरल्याने ते दुखणं दबलं नाही, उलट वाढलं, हे मला मनापासून सांगायचंय.

आधी गॅसबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद पायपात तोच तोच फिरतो, कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून पातळ होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून बारीक होऊन डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमध्ये परत उकळतो आणि उकळताना केबिनची उष्णता ओढून घेतो. जुन्या गाडीत सील आणि होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरं, पण दोन महिन्यात कमी होत असेल तर कुठेतरी लीक आहे म्हणजे आहेच. आणि लीक न शोधता वर गॅस ओतत राहणं हे पैशाचं नुकसान आहेच, शिवाय हवेचंही आहे, कारण आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १४०० पट तापमानवाढ करतो.

गुरुजींना मी दोन प्रश्न विचारले. पहिला, गरम होतं तेव्हा गाडी उभी असते की चालत असते? त्याचं उत्तर त्यांनी आधीच दिलेलं. दुसरा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि तुम्हीपण स्वतःच्या गाडीत हे बघून ठेवा, की थंडावा जातो तेव्हा हवेचा जोर कमी होतो का, की जोर तोच राहतो आणि हवा फक्त गरम होते? जोर कमी होत गेला आणि एसी बंद करून थोड्या वेळाने परत आला तर आतली कॉइल बर्फाने धरत असते, मग थर्मिस्टर (कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर) किंवा ब्लोअर (हवा फेकणारा आतला पंखा) ह्यांच्याकडे जायचं. जोर तोच आणि हवा गरम असेल तर मामला बॉनेटखालचा. गुरुजी म्हणाले जोर तोच असतो. आणि मग एक वाक्य त्यांनी जाता जाता टाकलं, की कोल्हापूरला लेकीकडे जाताना फोंडाघाट चढतानासुद्धा एसी जातो, वर गेल्यावर कधीतरी येतो. हे वाक्य मी वहीत वेगळं लिहून ठेवलं, कारण घाटात गाडी चालती असते, हवा पुढून लागत असते, म्हणजे बाजारातला बिघाड आणि घाटातला बिघाड एकच असेल असं धरून चालणं बरोबर नव्हतं.

गेज म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारा मीटर लावण्याआधी नुसतं बघितलं. गाडी घरासमोर खळ्यात उभी असते, तोंड समुद्राकडे, आणि शेजारी आंब्याचं झाड. बंपरच्या जाळीतून टॉर्च मारला तर कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या खालच्या चार बोटं भागात पांढऱ्या पडलेल्या, बोट लावलं की पिठासारख्या सुटायच्या. खारा वारा अॅल्युमिनियमला हेच करतो, वरचा संरक्षक थर जागोजागी फोडतो आणि मग धातू आतून पोखरत जातो. त्यात कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कुजलेली पानं आणि तांबडी माती घट्ट बसलेली, आणि ही माती ओली राहते, म्हणजे मीठ आणि ओल चोवीस तास एकाच कोपऱ्याला चिकटून. डाव्या खालच्या कोपऱ्यात तर माती काळपट, तेलकट झालेली होती. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल फिरत असतं, त्यामुळे गॅस जिथून जातो तिथे तेलाचा डाग मागे राहतो. म्हणजे लीक कुठे असणार त्याचा अंदाज डोळ्यांनीच आला होता, पण अंदाजावर पार्ट बदलायचा नसतो.

गेजला दोन काटे असतात, लो साइड म्हणजे कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर आणि हाय साइड म्हणजे कंप्रेसरने दाबलेल्या गॅसचं. इंजिन बंद ठेवून गेज लावला तर दोन्ही काटे १०५ पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) जवळपास. आधीच्या ठिकाणी ह्याच आकड्यावरून "गॅस फुल आहे" असं गुरुजींना सांगितलं होतं म्हणे. बंद गाडीतला आकडा गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडा जरी पातळ गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर बाहेरच्या तापमानाप्रमाणे ठरतं, ३३ डिग्रीला ते एवढंच दाखवणार, मग आत दोनशे ग्रॅम असो की पाचशे. काटा अगदी खाली असेल तर गॅस जवळजवळ गेलाय एवढं कळतं, त्यापुढे काही नाही.

मग इंजिन चालू, एसी फुल, गाडी सावलीत उभी. चांगल्या गाडीत आपल्याकडच्या मे महिन्यात आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, लो साइड ३५ ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० च्या दरम्यान असावी. इथे लो साइड ६० च्या वर आणि हाय साइड ३००, ३५०, ४०० अशी चढत गेली आणि साडेचारशेच्या आसपास क्लच, म्हणजे कंप्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, टक करून सुटला. लगेच क्लचच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावला, लॅम्प विझलेला. म्हणजे करंटच तोडला गेला होता, प्रेशर स्विचने. तो त्याचं काम चोख करत होता, नाहीतर होज फाटला असता. काही ठिकाणी हा स्विच "खराब आहे" म्हणून वायर जोडून बायपास करतात, हे कृपा करून कुणाला करू देऊ नका.

दोन्ही बाजू वाढलेल्या म्हणजे कंडेन्सर उष्णता सोडू शकत नाही. त्याची कारणं मोजकी असतात, पंखा, जाळीतला कचरा, जास्त भरलेला गॅस किंवा सिस्टिममध्ये शिरलेली हवा. इथे एक साधी परीक्षा करता येते. पाण्याचा पाइप घेऊन कंडेन्सरवर बारीक धार सोडली, आणि हाय साइडचा काटा बघता बघता ४०० वरून २२० ला आला, आत बसलेले गुरुजी ओरडले, "इलो रे इलो, थंड इलो!" पाण्याने फरक पडला म्हणजे कंप्रेसर दाबतोय, व्हॉल्व्ह सोडतोय, फक्त पुढची जाळी गार होत नाहीये. हायवेला वारा जे काम करत होता ते बाजारात पंख्याने करायला पाहिजे होतं.

पंखा फिरत होता. आणि नेमकं म्हणूनच आधी कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, पंखा चालू आहे ना, मग झालं. पण आवाज ऐकला तर त्यात दम नव्हता. मीटर घेऊन बॅटरीवर बघितलं तर १३.६ व्होल्ट, पंख्याच्या कनेक्टरवर साडेदहा. मग पंख्याची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह ह्यांच्यामध्ये मीटर लावला, जिथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे तिथे २.८ व्होल्ट. जवळजवळ तीन व्होल्ट पंख्याला मिळायच्या ऐवजी अर्थच्या वाटेवरच, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो त्या वाटेवरच, मरत होते. ती वायर धरून मागे गेलो तर हेडलॅम्पच्या मागे पत्र्यावर दहा नंबरचा बोल्ट, त्याच्याखाली रिंग टर्मिनल, वरून सगळं ठीकठाक. बोल्ट खोलला तर खाली पत्र्यावर गंजाची पापडी आणि टर्मिनलच्या तांब्यावर हिरवा थर. आपल्या किनाऱ्यावर हे इतकं कॉमन आहे की हेडलाइट मंद, स्टार्टर जड, पंखा हळू अशी कुठलीही तक्रार आली की मी आधी अर्थ बघतो. पत्रा घासून चकचकीत केला, नवीन टर्मिनल, थोडी जाड वायर, वरून पेट्रोलियम जेली. परत मोजलं तर ०.१ व्होल्ट. पंख्याचा आवाजच बदलला.

हाय साइड आता २९० ला येऊन थांबली, क्लच सुटणं बंद झालं. गुरुजींना एवढ्यावरच बरं वाटलं होतं, "जावंदे आता, चलता ना" म्हणाले, पण २९० हा आकडा त्या तापमानाला जास्तच आहे आणि लीकचा प्रश्न तसाच होता. मशिनवर गॅस काढून वजन केलं तर निघाला ५६० ग्रॅम, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं ४०० ग्रॅम. लीक असलेल्या सिस्टिममध्ये गॅस जास्त कसा, तर शेवटचं फिलिंग नुकतंच झालेलं आणि ते वजनाने नाही, हवा थंड लागेपर्यंत असं भरलेलं. पंखा हळू असल्यामुळे थंड लागत नव्हतं, म्हणून अजून भरला, अजून भरला. जास्तीचा गॅस कंडेन्सरमध्ये पातळ होऊन साचतो, तेवढी जाळी पाण्याने भरलेल्या नळीसारखी निकामी होते, गॅस पातळ व्हायला जागा उरत नाही आणि प्रेशर अजून चढतं. म्हणजे मूळ दुखणं पंख्याचं, औषध दिलं गॅसचं, आणि त्या औषधाने प्रेशर वाढून पोखरलेल्या कोपऱ्यावरचा ताण वाढला.

लीक पक्का करायला नायट्रोजन २०० पीएसआयपर्यंत भरून साबणाचं पाणी लावलं. डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे नळी उभ्या टाकीला जोडलेली असते तिथे, मोहरीएवढे फुगे एकामागून एक यायला लागले. पंपाने आतली हवा ओढून काढली आणि ते व्हॅक्यूम धरून राहिलं म्हणजे लीक नाही असं बरेच जण समजतात, पण व्हॅक्यूममध्ये बाहेरचं प्रेशर आतल्यापेक्षा जेमतेम १४-१५ पीएसआयने जास्त असतं आणि चालू गाडीत आतून दोनशेच्या वर धक्का असतो, बारीक भोक व्हॅक्यूमला गप्प बसतं. म्हणून नायट्रोजनचा आग्रह धरा. गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या साध्या हवेने टेस्ट करायची नाही, तिच्यात ओल असते आणि एसीचं तेल ओल शोषून घेतं.

कोपरा वेल्डिंग करून मिळतो, आणि पैशाची अडचण असेल तर काहीजण करतातही, पण ज्या जाळीच्या पट्ट्या पिठासारख्या सुटतायत तिच्यात आज एक भोक बुजवलं तर उद्या शेजारी पडणार. मी गुरुजींना स्पष्ट सांगितलं की वर्षभरात भरलेल्या गॅसच्या पैशात बाजारातला चांगला कंडेन्सर बऱ्यापैकी येऊन गेला असता. त्यांनी ऐकलं. नवीन कंडेन्सर, त्याबरोबर ड्रायर, कारण सिस्टिम उघडली की आतलं ओल शोषणारं रसायन संपलेलंच समजायचं, सगळ्या उघडलेल्या जोडांना नव्या ओ-रिंग, कंडेन्सरबरोबर गेलेल्या तेलाच्या बदली थोडं पीएजी तेल (एसी कंप्रेसरचं तेल). बसवण्याआधी मधली फट रेडिएटरपर्यंत धुऊन काढली, पाऊण बादली माती निघाली असेल. मग चांगला पाऊण तास व्हॅक्यूम, आपल्या दमट हवेत मी ह्यात घाई करत नाही, आणि वजनकाट्यावर बरोबर ४०० ग्रॅम. आयडलला लो ३८, हाय २२५. डॅशबोर्डवरच्या हवा येणाऱ्या मधल्या जाळीत थर्मामीटर घातला तर १० डिग्री.

ह्या १० वरून एक सांगतो. घाटावरचे लोक सहा-सात डिग्रीचे फोटो दाखवतात आणि आपल्याकडचे लोक ते बघून माझ्याशी भांडतात. एक लिटर पाण्याची वाफ परत पाणी करायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता ओढावी लागते, आणि कोकणच्या हवेतली ओल कॉइलवर पाणी होऊन खाली गळत असते, त्यात एसीची बरीच ताकद जाते. गाडीखाली पाण्याचा ओहोळ दिसतो तोच तो. बाहेर ३३ डिग्री आणि घाम न वाळणारी हवा असेल, तर जुन्या छोट्या गाडीत १० ही उत्तम कामगिरी आहे. त्यात ताज्या हवेचा लिव्हर बंद करून आतलीच हवा फिरवली तर अजून फरक पडतो, बरेच जण तो उघडाच ठेवतात.

बाजारातली तक्रार संपली. पण वहीतलं घाटाचं वाक्य राहिलं होतं, म्हणून गुरुजींना म्हटलं मी गाडी फोंडाघाटात नेऊन आणतो. दुपारची वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढण, आणि वरच्या वळणांवर हवेचा जोर तोच ठेवून थंडावा गेला. दाजीपूरच्या बाजूला सपाटीवर गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. टेस्ट लॅम्प लावला तर ह्यावेळी लॅम्प लख्ख पेटलेला. करंट येतोय. पट्ट्यावर पुली फिरतेय, पण पुलीच्या पुढची क्लचची प्लेट मात्र जागच्या जागी स्थिर. बाजारातला बिघाड आणि घाटातला बिघाड वेगळे होते ते इथे समोरासमोर दिसलं, तिकडे लॅम्प विझलेला, इकडे पेटलेला. एका लांब काठीच्या टोकाने प्लेट पुढून हलकी दाबली तर खाडकन चिकटली आणि एसी सुरू. (हे तुम्ही करू नका, पट्टा आणि पंखा बाजूलाच फिरत असतात, शर्टाची बाही गेली तर हात जातो.)

कारण असं, की क्लचमध्ये एक इलेक्ट्रिक कॉइल असते, ती चुंबक होऊन पुढची प्लेट ओढून घेते. मधली फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. प्लेट झिजत जाते तशी फट वाढते. थंड असताना चुंबक कसाबसा पोचतो, पण इंजिन तापलं की कॉइलचं तांबं तापतं, त्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, चुंबक अशक्त होतो आणि मग ती वाढलेली फट त्याला ओलांडता येत नाही. परत येऊन मोजलं, थंड असताना कॉइल ३.६ ओहम, तापल्यावर साडेचारच्या वर, आणि फीलर गेजने फट ०.९. प्लेटच्या तोंडावर निळसर करपलेले पट्टे होते, म्हणजे ती घसरून घासली होती. आणि ती घसरली कशामुळे, तर वर्षभर चारशेच्या प्रेशरवर कंप्रेसर फिरवायला लागल्यामुळे. ती सगळी साखळी परत त्या हेडलॅम्पमागच्या बोल्टला जाऊन पोचते.

ह्या तक्रारीवर सरसकट "कंप्रेसर गेला" असं सांगितलं जातं आणि जुना कंप्रेसर काढून रिकंडिशन टाकला जातो, जो बऱ्याचदा मूळ कंप्रेसरपेक्षा वाईट असतो. इथे प्लेटचा मधला बोल्ट काढला, आत शाफ्टवर पातळ वॉशर म्हणजे शिम असतात, त्यातला एक काढला, फट ०.४५ वर आली. पार्टचा खर्च शून्य. बेअरिंग हाताने फिरवून ऐकलं, गुळगुळीत होतं, तसंच ठेवलं. नंतर गुरुजी स्वतः कोल्हापूरला जाऊन आले, ऐन दुपारी घाट चढले, एसी एकदाही गेला नाही.

गाडी देताना त्यांना दोन-तीन गोष्टी सांगितल्या. तोंड समुद्राकडे करून लावायची नाही, घराच्या आडोशाला लावा. आठवड्यातून एकदा पुढच्या जाळीवर साध्या पाण्याची हलकी धार मारा, प्रेशर वॉशर नको, पट्ट्या वाकतात. आणि पावसाळ्यात एसी चार महिने बंद ठेवायचा नाही, आठवड्याला दहा मिनिटं तरी चालवायचा, कारण गॅसबरोबर तेल फिरलं तरच कंप्रेसरचं सील ओलं राहतं, नाहीतर सुकून तिथून लीक सुरू होतो. काचेवरचं धुकं त्यानेच जातं हे त्यांना आधीच माहीत होतं.

एक गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही. कंप्रेसरच्या पुढच्या सीलकडे तेलाचा किंचित ओलावा आहे. साबणाच्या पाण्याला तिथे फुगा आला नाही म्हणून मी सील उघडलं नाही, ती जागा पुसून पांढऱ्या मार्करने खूण करून ठेवलीय. आंब्याचा सीझन संपला की गुरुजी गाडी आणणार आहेत, तेव्हा गॅस काढून परत वजन करायचं. ४०० पैकी ३८० च्या वर निघाला तर सीलला हात लावायचा नाही, खाली आला तर सीलचं किट मागवायचं असं आमचं ठरलंय.